ॲनिमे वळणाचे फुकट ऑनलाइन खेळ आणि त्यांमागचे काम

ॲनिमे शैलीचे बहुतेक नवे ऑनलाइन खेळ फुकट मिळतात, आणि त्यांतले काही जगातल्या सर्वांत खर्चिक खेळांमध्ये मोडतात. शांघायच्या मिहोयो कंपनीने 'गेनशिन इम्पॅक्ट' हा खेळ २८ सप्टेंबर २०२० रोजी संगणक, प्लेस्टेशन आणि मोबाइल या तिन्हींवर एकाच दिवशी आणला. तोवर त्यावर सुमारे दहा कोटी डॉलर खर्च झाल्याच्या बातम्या होत्या. खेळ उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत आणि मुख्य कथाही खिशात हात न घालता खेळता येते. खर्च भरून निघतो तो पात्रांवर. डोंगर, नद्या, शहरे, राक्षस हे सगळे फुकट असते. विकले जाते ते पात्र, म्हणजे त्याचा चेहरा, आवाज, चालण्याची ढब आणि लढण्याची तऱ्हा. या क्षेत्रात चित्रकारापासून टेस्टरपर्यंत कोणीही काहीही करत असो, त्याचे काम शेवटी एकाच ठिकाणी येऊन ठेपते: खेळणाऱ्याचा त्या पात्रावर जीव जडला पाहिजे.

या शैलीला आता पाव शतक होऊन गेले. सेगाने २००० साली आपल्या ड्रीमकास्ट या खेळयंत्रावर आणलेल्या 'जेट सेट रेडिओ'ने सपाट रंग आणि ठळक बाह्यरेषा वापरून त्रिमितीय खेळ हाताने काढलेल्या चित्रासारखा दिसू शकतो हे दाखवले. सेगाचाच 'फँटसी स्टार ऑनलाइन २' जपानात २०१२ साली फुकट सुरू झाला आणि अनेकांनी एकत्र खेळायचा ॲनिमे वळणाचा खेळ वर्षानुवर्षे चालू शकतो हे सिद्ध झाले. मिहोयो ही शांघाय जिआओ तोंग विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी उभी केलेली कंपनी. तिने दोन्ही धागे एकत्र ओढले. त्यामागोमाग हॉट्टा स्टुडिओचा 'टॉवर ऑफ फँटसी', कुरो गेम्सचा 'वदरिंग वेव्ह्ज' आणि मिहोयोचाच 'झेनलेस झोन झीरो' असे खेळ आले. 'स्ट्रिनोव्हा' हा गोळीबाराचा खेळ त्यांत वेगळा आहे. त्यातले पात्र लढता लढता कागदासारखे चपटे होते, गोळी चुकवते आणि भिंतीला चिकटून सरकते. शैलीलाच खेळाचा नियम बनवण्याची ही कल्पना आणखी कोणी उचलली तर बरे होईल.

ॲनिमे चेहरा त्रिमितीत आणणे हे या सगळ्यातले सर्वांत अवघड काम. कागदावरचा हा चेहरा मुळात घडीव नसतो. समोरून नाक म्हणजे एक ठिपका, तिरक्या कोनातून बारीक रेघ, बाजूने पाहिले तर धारदार टोक. बाजूच्या चित्रात तोंड पुष्कळदा चक्क गालावर सरकवलेले असते. प्रत्येक कोनासाठी चित्रकार वेगळी लबाडी करतो आणि पाहणाऱ्याला ती पटते. त्रिमितीय मॉडेल मात्र एकच असते आणि कॅमेरा खेळणाऱ्याच्या हातात असतो. तो कोणत्या कोनातून बघेल याचा नेम नाही.

त्यात उजेडाची भर पडते. या शैलीत उजेड आणि सावली यांच्यामध्ये पुसट छटा नसतात. पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू कुठे तोंड करून आहे आणि प्रकाश कुठून येतो आहे, यांमधला कोन ठरावीक मर्यादेबाहेर गेला की तो बिंदू थेट सावलीत जातो. चेंडूवर हे सुरेख दिसते. चेहऱ्यावर गालाचा उंचवटा, नाकाची कड, ओठांची खाच अशा प्रत्येक जागी सावलीचे तुटके, दातेरी ठिगळ उमटते आणि हसरा चेहरा आजारी दिसू लागतो. नवा माणूस इथे पहिल्यांदा अडखळतो. मॉडेलमध्ये चूक नसते, गणितातही नसते, आणि तरी चित्र बिघडलेले असते.

यावरचा मार्ग जपानच्या आर्क सिस्टीम वर्क्सने 'गिल्टी गिअर इग्झर्ड' या २०१४ च्या खेळात काढला. त्यांचे तंत्रकलावंत जुनया मोतोमुरा यांनी पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स परिषदेत तो उघडपणे समजावून सांगितला. मॉडेलच्या प्रत्येक बिंदूची दिशा, ज्याला कामात 'नॉर्मल' म्हणतात, ती त्यांनी संगणकावर न सोडता हाताने बदलली. पृष्ठभाग एका दिशेला असला तरी उजेडाला तो दुसऱ्या दिशेला आहे असे भासवायचे, म्हणजे सावली हवी तिथे आणि हवी तेवढीच पडते. मोतोमुरांच्या त्या व्याख्यानाचे ऋण या शैलीत काम करणारे बहुतेक सगळे मानतात.

पुढे चेहऱ्यापुरती आणखी एक पद्धत रुळली. प्रकाश समोर असताना, थोडा कलल्यावर, अगदी बाजूला गेल्यावर सावली कशी दिसावी याचे आकार चित्रकार एकेक करून रंगवतो. हे सगळे आकार मिळून एकच करड्या छटांचे चित्र तयार होते. खेळ चालू असताना संगणक फक्त प्रकाशाचा कोन त्या छटेशी ताडून पाहतो. मग सूर्य कसाही फिरो, सावली गालावरून चित्रकाराने आखलेल्या रेषेनेच सरकते आणि सावलीतल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण नेमका उरतो. 'गेनशिन'मध्ये संध्याकाळच्या वेळी पात्र हळूहळू वळवून पाहिले तर हे साध्या डोळ्यांनी दिसते. तपासणीच्या वेळी म्हणूनच मॉडेल फिरवून भागत नाही. मॉडेल जागेवर ठेवून दिवा त्याच्याभोवती फिरवावा लागतो, आणि एखादी सावली एका कोनात उडी मारते आहे असे दिसले की काम परत मागे जाते. पेणच्या गणपती कारखान्यांत डोळ्यांची आखणी मुरलेल्या हातांकडेच दिली जाते; इथेही चेहरा अनुभवी माणसाकडे जातो तो याच कारणाने.

बाकीच्या गोष्टी तुलनेने सोप्या आहेत. बाह्यरेषेसाठी मॉडेलची किंचित फुगवलेली, आतबाहेर उलटलेली प्रत मागे ठेवतात. तिची कड तेवढी डोकावते आणि रेघ काढल्यासारखी दिसते. रेघ निव्वळ काळी ठेवली तर चित्र कोरडे पडते, म्हणून त्वचेभोवती गडद तपकिरी, निळ्या कपड्याभोवती गडद निळी अशी ती बदलतात. भुवया केसांवरून दिसाव्यात म्हणून त्या मुद्दाम नंतर रंगवतात.

एकट्याने खेळायच्या खेळात हे सगळे जमले की निम्मे काम झाले. चौघांनी खेळायच्या खेळात खरी ओढाताण इथून पुढे सुरू होते, कारण ॲनिमेचे नाट्य वेळ थांबवण्यावर उभे असते. तलवारीचा घाव बसला की क्षणभर सगळे गोठते. मोठा वार करताना कॅमेरा पात्राच्या चेहऱ्याजवळ जातो. एकट्या खेळाडूचे जग असे थांबवता येते. चौघे एकत्र असताना एकाच्या नाट्यासाठी इतर तिघांना ताटकळत ठेवता येत नाही. 'गेनशिन'मध्ये एकट्याने खेळताना नकाशा उघडला की जग थांबते, सोबत्यांबरोबर असताना थांबत नाही, आणि नवखा खेळाडू नकाशा पाहता पाहता मार खातो. घावाचा तो गोठलेला क्षण मग फक्त मारणाऱ्याच्या पडद्यावर दाखवायचा आणि इतरांकडे खेळ सुरळीत चालू द्यायचा, अशी तडजोड करावी लागते. शिवाय चार पात्रांनी एकाच वेळी आगीचे, विजेचे, पाण्याचे पारदर्शक लोळ सोडले की पडद्यावरचा तोच ठिपका फोनला पुन्हा पुन्हा रंगवावा लागतो. फोन तापतो, खेळ अडखळतो. चित्रकाराने जीव ओतून केलेले परिणाम मग टेस्टरच्या यादीवरून एकेक करून कापले जातात, आणि स्वस्त फोन वापरणाऱ्या खेळाडूचा विचार करता ते कापलेच पाहिजेत.

अंतरावर मात्र उपाय नाही. 'गेनशिन'ला भारतासाठी वेगळा सर्व्हर नाही. इथले बहुतेक खेळाडू आशियाच्या सर्व्हरवर असतात. मुंबई ते टोकियो हवाई अंतर सुमारे पावणेसात हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे सर्व्हर टोकियोत आहे असे धरले आणि वाट अगदी सरळ मानली, तरी जाऊन येऊन ७० मिलिसेकंदांच्या आसपास लागणारच. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या खेळात तेवढ्यात चार चित्रे निघून जातात. राक्षसाचा घाव चुकवण्याच्या खेळात चार चित्रे थोडी नव्हेत. म्हणून या खेळांत सोबत्यांविरुद्ध लढण्यापेक्षा सोबत्यांबरोबर लढण्यावर भर असतो. उशीर झाला तरी भांडण होत नाही.

पैशाचा हिशेब या सगळ्याहून सोपा आणि जास्त निर्दय आहे. पात्र थेट विकत मिळत नाही. सोडत काढावी लागते. तिला 'गाचा' म्हणतात. नाणे टाकून प्लास्टिकच्या गोळ्यातले खेळणे देणाऱ्या जपानी यंत्रांचे हे पडद्यावरचे रूप. 'गेनशिन'मध्ये पाच ताऱ्यांचे पात्र एका सोडतीत मिळण्याची शक्यता ०.६ टक्के. सतत हुकत गेले तर ९० व्या सोडतीला पाच तारे नक्की. खेळाडू याला 'पिटी' म्हणतात. ही हमी धरून सरासरी १.६ टक्के पडते, म्हणजे सरासरी साठ-बासष्ट सोडतींना एक पात्र. पण तेही हवे तेच मिळेल असे नाही. पहिल्या खेपेला हवे ते पात्र येण्याची शक्यता बरीच वर्षे निम्मी होती. नशीब अगदीच फिरले तर १८० सोडती. एका सोडतीला १६० रत्ने लागतात. १८० सोडतींची २८,८०० होतात. सुमारे शंभर डॉलरच्या सर्वांत मोठ्या गठ्ठ्यात एरवी ८,०८० रत्ने असतात. म्हणजे एका पात्रासाठी साडेतीनशे डॉलरच्या वर.

खेळता खेळता फुकटही रत्ने मिळतात आणि संयम ठेवणारा माणूस वर्षभरात दोन-चार आवडती पात्रे एक पैसा न देता मिळवतो, हे खरे. पण संयमाची गरज नेमकी ज्या गोष्टीसमोर पडते ती संयम सुटावा म्हणूनच घडवलेली असते. पात्राची कथा आधी सांगतात, त्याचा आवाज ऐकवतात, एखाद्या प्रसंगात त्याला सोबत लढू देतात, आणि त्याच सुमारास सोडत खुली होते, तीही तीन आठवड्यांपुरती. चेहऱ्यावरच्या एका सावलीसाठी राबलेल्या माणसाला हे पचवणे सोपे नसते. त्याच्या हातून जितके चांगले काम होईल, तितका हा सापळा घट्ट बसतो. या व्यवसायातली ही गाठ कौशल्याने सुटणारी नाही, नियमांनीच सुटेल.

नियम आले, पण तुकड्यातुकड्याने. वेगवेगळ्या सोडतींतून वस्तूंचा पूर्ण संच जमवायला लावणारी गाचा जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने २०१२ मध्ये बेकायदा ठरवली. चीनने २०१७ पासून शक्यता जाहीर करणे सक्तीचे केले. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या, आत काय निघेल ते नशिबावर सोडणाऱ्या पेट्यांना जुगाराच्या व्याख्येत बसवले. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये 'गेनशिन'च्या वितरक कंपनीशी दोन कोटी डॉलरच्या दंडावर तडजोड केली आणि १६ वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीविना सोडत विकायला मनाई केली. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याचा रोख रमी, पोकर, फँटसी क्रिकेट अशा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर होता. पात्रांच्या सोडतीची स्वतंत्र चर्चा आपल्याकडे व्हायला हवी. ती अजून घराघरांत फोन हिसकावून घेण्यापलीकडे गेलेली नाही.

खेळ बाजारात आल्यावर काम संपत नाही, वाढते. 'गेनशिन'ची नवी आवृत्ती साधारण दर सहा आठवड्यांनी येते: नवा प्रदेश, नवी कथा, एखाद-दोन नवी पात्रे, उत्सव. एक आवृत्ती खेळाडूंच्या हातात असते तेव्हा पुढची तपासणीत आणि त्यापुढच्या आखणीत असतात. हे वेळापत्रक २०२२ मध्ये मोडले, तेही शांघायमधल्या टाळेबंदीमुळे; तेव्हा २.७ ही आवृत्ती सुमारे तीन आठवडे लांबली. एरवी तारीख हलत नाही, माणसे हलतात. टेस्टरला तीच उडी, तोच वार, तोच संवाद वेगवेगळ्या फोनांवर पुन्हा पुन्हा पाहावा लागतो आणि चुकीची नोंद इतकी नेमकी लिहावी लागते की दुसऱ्या शहरातल्या माणसाला ती पहिल्या खेपेत घडवून आणता यावी. हे काम बाहेरून कंटाळवाणे दिसते. प्रत्यक्षात खेळ कसा बांधलेला आहे हे टेस्टरइतके कोणाला कळत नाही, आणि पगारात त्याची कदर होत नाही ही या व्यवसायाची जुनी उणीव आहे.

'गेनशिन'च्या आवाजाचे काम चार भाषांत चालते: चिनी, जपानी, कोरियन, इंग्रजी. अमेरिकेतल्या कलाकारांच्या संघटनेने जुलै २०२४ पासून जवळजवळ वर्षभर खेळांच्या कामाबाबत संप केला. कृत्रिम बुद्धिमत्तेने आवाजाची नक्कल करण्याविरुद्ध संरक्षण ही त्यातली मुख्य मागणी होती. त्या काळात काही पात्रांचे इंग्रजी संवाद नुसते लिहून आले, तोंड हलत होते आणि आवाज नव्हता. पात्रावर जीव जडण्यात आवाजाचा वाटा किती मोठा असतो हे तेव्हा खेळाडूंना कळले.

पडद्यावरचा मजकूर डझनाहून अधिक भाषांत मिळतो. त्यांत थाई, व्हिएतनामी, इंडोनेशियन आहेत. हिंदी नाही, मराठीचा तर प्रश्नच नाही. आणि तरीही याच खेळात ऑगस्ट २०२२ मध्ये 'सुमेरू' नावाचा प्रदेश आला. तिथल्या विद्यापीठाच्या सहा शाखांना 'दर्शन' म्हणतात, संगीतात बासरी, सतार आणि तबला आहे, आणि ध्वनिसंग्रहाच्या नावात 'ज्ञान' आणि 'विद्या' हे दोन्ही शब्द आहेत. भारत, इराण आणि इजिप्त यांची तिथे सरमिसळ केलेली आहे. संगीत फार तब्येतीने केलेले आहे. पात्रांचा रंग मात्र बहुतांशी गोराच ठेवला आणि त्यावर जगभरातून टीका झाली, ती योग्यच होती. मराठी खेळाडूला हा प्रदेश एकाच वेळी ओळखीचा आणि परका वाटतो. तो घडवताना इथले कोणी त्या खोलीत बसलेले असते तर फरक पडला असता.

हे खेळ बंदही पडतात. बंदाई नामकोचा 'ब्लू प्रोटोकॉल' जपानात १४ जून २०२३ रोजी सुरू झाला आणि १८ जानेवारी २०२५ रोजी बंद झाला. ॲनिमेच्या चित्रपटात फिरल्यासारखा भास देणारा, अनेकांनी एकत्र खेळायचा असा तो देखणा खेळ होता. पाश्चात्त्य देशांत तो ॲमेझॉन आणणार होती. ते आधीच रद्द झाले. सर्व्हर बंद झाला की विकत घेतलेले कपडे, जमवलेली पात्रे, सगळे जाते, कारण खेळाडूच्या फोनवर किंवा संगणकावर खेळाचा फक्त अर्धा भाग असतो. त्या जगाचे नाव आणि रूप घेऊन एका चिनी चमूने 'स्टार रेझोनन्स' हा नवा खेळ २०२५ मध्ये आणला, पण जुने खाते तिथे चालत नाही. युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' या मोहिमेने २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. विकलेला खेळ बंद करताना तो चालवण्याची काही सोय ठेवा, एवढीच तिची मागणी आहे. ती मान्य होण्यासारखी आहे.

नव्याने आलेल्या आणि येऊ घातलेल्या खेळांत लक्ष ठेवण्याजोगी गोष्ट दिसण्यापेक्षा विकण्याच्या पद्धतीत आहे. 'ड्युएट नाइट ॲबिस' ऑक्टोबर २०२५ मध्ये आला. सोबत्यांबरोबर खेळता येणाऱ्या या खेळाने बाजारात येण्याच्या आधीच पात्रांची आणि शस्त्रांची सोडत काढून टाकली आणि कमाई पोशाखांवर आणली. नेटईजचा 'अनंता' हा खेळ २०२३ मध्ये 'प्रोजेक्ट म्युगेन' या नावाने जाहीर झाला होता. २०२५ च्या टोकियो गेम शोमध्ये त्याच्या निर्मात्यांनी पात्रे सोडतीतून देणार नसल्याचे सांगितले. 'आर्कनाइट्स एंडफिल्ड' जानेवारी २०२६ मध्ये आला तो सोडत कायम ठेवून, पण कारखाने उभारण्याचा निराळाच खेळ घेऊन. हॉट्टा स्टुडिओचा 'नेव्हरनेस टू एव्हरनेस' गाड्या पळवता येणाऱ्या आधुनिक शहरात घडतो. पोशाखांवर एवढा मोठा खेळ तगतो का, हे सिद्ध व्हायला काही वर्षे जातील. तगला तर चित्रकाराला आपले काम निर्मळ मनाने करता येईल, आणि एवढ्यासाठी तरी तो तगावा.

या कामाकडे वळू पाहणाऱ्या मराठी तरुणाला आता वाट अगदीच अनोळखी नाही. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे, 'इंडस' हा खेळ करणारी सुपरगेमिंग पुण्याचीच, आणि मुंबईत २०२५ साली सुरू झालेल्या भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्थेत खेळांचे शिक्षण हा एक विषय आहे. कामाचे नमुने पाठवताना दहा पात्रे देण्याच्या फंदात पडू नये. एकच चेहरा द्यावा, दिवा त्याच्याभोवती पूर्ण फिरवून दाखवावा, आणि सोबत पहिल्या प्रयत्नातला बिघडलेला चेहराही ठेवावा. निवड करणारा माणूस ते दोन चेहरे शेजारी शेजारी लावूनच बघतो.